नाडी बघणारीची नाडी कोण बघणार?

भाजी निवडता निवडता ऐकत असाल तर हात थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या.

दिवाळीनंतरच्या बैठकीतली गोष्ट. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, बाया उठायला लागल्या. पण आमच्या गटातल्या एक ताई बसूनच राहिल्या. त्यांची लेक जिल्ह्याच्या गावाला नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स करते. पहिल्या वर्षाच्या फीला गटातून अंतर्गत कर्ज दिलेलं. त्यामुळे ती पोरगी एकट्या ताईंची नाही, आम्हा बाराजणींची. ताई म्हणाल्या, "लेक म्हणते, मला नाही जमत, मी परत येते."

आम्हाला वाटलं, अभ्यास जड जात असेल. तसं नव्हतं. मार्क चांगले होते. पण रात्रपाळी करून आलं की सकाळी पुन्हा वर्गात बसायचं. पेशंट उचलून उचलून कंबर धरलेली. जेवणाची वेळ ठरलेली नाही. आणि एका रात्री तिच्या डोळ्यांसमोर एक पेशंट गेला. तिनं चादर ओढली, कागद भरले, आणि लगेच पुढच्या खाटेकडे गेली. तू बरी आहेस का, असं तिला कुणी विचारलं नाही. ताई म्हणाल्या, "दिवसातून वीस वेळा ती दुसऱ्याची नाडी बघते. तिची कोण बघतं?"

मी बी.ए. केलं ते इतिहास घेऊन. त्यामुळे कुठलाही प्रश्न समोर आला की हा आधी कुणाला पडला होता का, हे शोधायची मला खोड आहे. म्हणून आज तुम्हाला एक इतिहास सांगणार आहे. आजाऱ्याची सेवा शिकणाऱ्या मुलामुलींनी स्वतःची तब्येत सांभाळायलाही शिकावं, हा विचार कसा आला, आणि त्यात आपला योग कसा शिरला, त्याचा. ही वाट बरीचशी आपल्याच महाराष्ट्रातून गेली आहे.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करू. त्यांच्यावर २०१९ साली सिनेमा आला होता, तुमच्यातल्या बऱ्याचजणींनी पाहिला असेल. जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. तो समारंभ बघायला पंडिता रमाबाई गेल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डाचं काम त्यांची वाट बघत होतं.

ते काम त्यांच्या हातून झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या क्षयानं गेल्या. बावीस वर्षं पुरी व्हायलाही महिना राहिला होता.

हा भाग आपण सगळ्या जाणतो. पण एवढ्यात मी तो पुन्हा वाचला तेव्हा माझी नजर दुसऱ्याच गोष्टींवर गेली. अंगावर आपलं लुगडं आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी. राहायला दिलेल्या खोलीत शेकोटी नीट पेटायची नाही, धूर मात्र व्हायचा. परक्या मुलखात शाकाहारी पोटाला पुरेसं अन्न मिळणं कठीण. डोकेदुखी आणि अशक्तपणा तर त्या इथून जातानाच सोबत घेऊन गेलेल्या. एवढ्या त्रासात ती मुलगी दुसऱ्याचं शरीर शिकत होती. रोज्झेलच्या कार्पेंटरबाईंनी तिला लेकीसारखं जपलं, हे खरं. पण ती माया एका बाईची होती. डॉक्टर घडवण्याच्या शिक्षणात 'तू स्वतःला कसं जपशील' असा धडा कुठेच नव्हता.

एक गोष्ट इथे स्वच्छ सांगते. आनंदीबाईंनी योगासनं केली असती तर त्या वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही आणि कुणी म्हटलं तर तुम्ही मानू नका. क्षयाचा जंतू सापडला १८८२ साली, आणि त्यावर लागू पडणारं औषध यायला पुढे साठएक वर्षं लागली. क्षयाला औषधच लागतं, तेव्हाही आणि आजही. आनंदीबाईंची गोष्ट सांगितली ती दुसऱ्या कारणासाठी. सेवा शिकणारी व्यक्तीसुद्धा एक शरीर घेऊन आलेली असते, हे ध्यानात येण्यासाठी.

आता योगाकडे वळू. त्या काळात योग म्हणजे साधू-बैराग्यांचा विषय. प्रपंचातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही अशी समजूत होती. बाईचा तर नाहीच नाही. ही समजूत मोडायला सुरुवात झाली ती गुजरातेत नर्मदेच्या काठी, मालसर नावाच्या गावी. तिथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहत. त्यांच्या दोन शिष्यांनी योग गुहेतून घरात आणला.

पहिले मणिभाई देसाई, पुढे ते योगेंद्र म्हणून ओळखले गेले. त्यांनी १९१८ च्या डिसेंबरात मुंबईत वर्सोव्याला योग शिकवणारी संस्था काढली. आज ती सांताक्रूझला आहे. बायको-मुलं असलेल्या, नोकरीधंदा करणाऱ्या माणसानं योग करावा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. एका बाईनं बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहायचं, तेही त्या काळात! बाईच्या शरीराचे दिवस सारखे नसतात, म्हणून तिचा व्यायामही तिच्या शरीराकडे बघून ठरवायचा, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. तेव्हा ती उघडपणे मांडायला धीर लागत होता.

दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा. खानदेशात अमळनेरला ते शिक्षक होते, तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्यही झाले. वृत्ती शिक्षकाची, त्यामुळे गुरूनं सांगितलं म्हणून मान हलवायची, एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. आसन केल्यावर पोटात नक्की काय होतं? श्वास रोखला की काय बदलतं? हे प्रश्न घेऊन १९२० च्या सुमाराला ते बडोद्याच्या हॉस्पिटलात गेले. आपल्या विद्यार्थ्यांना उड्डियान आणि नौली करायला लावून त्यांनी त्यांचे एक्स-रे काढले, पोटातला दाब यंत्रानं मोजला. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब खरोखरच कमी होतो, हे त्यांना दिसलं. गुरूची आठवण म्हणून त्यांनी त्या स्थितीला माधवदासांचं नाव दिलं.

मग १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक. पुण्या-मुंबईला जाताना रेल्वेतून आपण लोणावळा बघतो ते चिक्की घ्यायला. पण योगाला प्रयोगशाळेत बसवून तपासायचं काम तिथे शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं, हे आपल्या मुलींना सांगायला हवं. १९२७ साली गांधीजींनीही रक्तदाबाच्या त्रासासाठी कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता. १९५१ पासून तिथे योग शिकवणारं कॉलेज चालू झालं. १९६६ साली स्वामीजी गेले, काम चालूच राहिलं.

याचा नर्सिंगच्या पोरीशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे. जोपर्यंत योग हा केवळ श्रद्धेचा विषय होता, तोपर्यंत तो देवळात राहिला असता, मेडिकल कॉलेजच्या दारात गेला नसता. डॉक्टर लोक 'मोजून दाखवा' म्हणतात. मोजायची सवय कुवलयानंदांनी लावली, म्हणून पुढचं दार उघडलं.

ते दार हळूहळू उघडलं. १९७० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा या सर्जननं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना योग शिकवून त्यांच्या शरीरात काय बदल होतात ते तपासलं. आणि मग १९९९ साली छापून आलेला एक अभ्यास, जो मला सगळ्यात जवळचा वाटतो. तो मुंबईतल्या सायनच्या लोकमान्य टिळक मेडिकल कॉलेजचा. तिथल्या शरीरक्रियाशास्त्र विभागातल्या संशोधकांना दिसत होतं की परीक्षा आली की पोरं घाबरीघुबरी होतात. त्यांनी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची ५० मुलंमुली घेतली. काहींना योग शिकवला, काहींना नाही. योग करणाऱ्यांची घाबरण्याची पातळी उतरली, परीक्षेच्या तोंडावरही. मुलांनी स्वतः सांगितलं की लक्ष लागतं, चिडचिड कमी होते, हातातलं काम नीट होतं.

५० ही संख्या काही मोठी नाही. एवढ्यावरून डंका पिटायचं कारण नाही. पण यातला फरक बघा. इथे योग पेशंटला देण्याचं औषध म्हणून आला नव्हता. जो उद्या पेशंटला तपासणार आहे त्याच्यासाठी, त्याच्या स्वतःच्या छातीतल्या धडधडीसाठी आला होता.

यानंतर जगाच्या पातळीवरही वारं फिरलं. ११ डिसेंबर २०१४ ला संयुक्त राष्ट्रसंघानं २१ जून हा योग दिवस ठरवला, आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. शाळेच्या मैदानावरच्या सतरंज्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २०१७ ची एक गोष्ट. जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेची एक प्रतिज्ञा आहे, १९४८ साली तयार झालेली. त्यात पेशंटबद्दल होतं, गुरूबद्दल होतं, माणुसकीबद्दल होतं. २०१७ साली शिकागोत त्यात बदल झाला आणि पहिल्यांदा असं आलं की, पेशंटची उत्तम सेवा करता यावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष देईन. १९४८ ते २०१७, म्हणजे ६९ वर्षं! 'मी स्वतःला सांभाळीन' एवढं एक वाक्य प्रतिज्ञेत यायला एवढा वेळ लागला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग २०२० साली कोरोना आला. प्लास्टिकच्या कपड्यांत तासन्‌तास उभ्या असलेल्या नर्सताई आपण पाहिल्या, आणि दारोदार फिरणाऱ्या आपल्या आशाताईही. सेवा करणारं माणूसही थकतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आपल्या देशात २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला. कॉलेजात पाऊल टाकलेल्या मुलांना या नव्या जगाची ओळख व्हावी, ताण कसा हाताळायचा ते समजावं, म्हणून. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं त्यात योगाचे १० दिवस सुचवले, दरवर्षी १२ जूनपासून २१ जूनपर्यंत. म्हणजे नर्मदाकाठच्या झोपडीतून निघालेली गोष्ट शंभर वर्षांनी मेडिकल कॉलेजच्या वेळापत्रकात जाऊन बसली.

इतिहास इथे संपवला तर गोष्ट गोड होईल. पण आमच्या पोरीचं अजून सांगायचं राहिलंय.

तिच्याही कॉलेजात योग सुरू झाला होता. वेळ कुठली? पहाटे साडेपाच. रात्रपाळी करून आलेल्या मुलींनाही यायचंच, हजेरी लागायची. ती फोनवर मला म्हणाली, "मावशी, आम्ही शवासनात झोपतो आणि मॅडम ओरडतात." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ज्या योगानं तिला आराम द्यायचा, तोच तिच्या झोपेतला अर्धा तास खात होता. आधी पोटोबा मग विठोबा, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना कळत होतं. झोप आणि अन्न आधी, आसन नंतर.

ताई, मी आणि गटातल्या आणखी दोघी, आम्ही चौघी पालकसभेला गेलो. भांडायला नव्हे, विचारायला. आम्ही म्हणालो, रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी या मुलींना सकाळी झोपू द्या. योग जरूर शिकवा, पण ड्यूटीवर जायच्या आधी शिकवा. आणि वॉर्डात कुणी दगावलं तर त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या पोरीशी कुणीतरी पाच मिनिटं बोला. झोपेच्या बाबतीत "बघू, वरती कळवतो" असं उत्तर आलं. ते अजून बघताहेत. पण योगाची वेळ बदलली. एका शिकवणाऱ्या बाईंनी मनावर घेतलं आणि रात्रपाळीवाल्या मुलींसाठी संध्याकाळची वीस मिनिटं ठेवली. हजेरी नाही, सक्ती नाही.

ती वीस मिनिटं काय करतात, हे पोरीनं आम्हाला संक्रांतीला घरी आली तेव्हा करून दाखवलं. ताडासन, कारण दिवसभर उभं राहायचं असतं. मार्जारासन, म्हणजे मांजरासारखं हातागुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करायची, कारण पेशंट उचलून पाठ आखडलेली असते. मग बसून सावकाश श्वास. घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. असं केलं की हृदयाची गती संथ होते, हे तिनं स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून, घड्याळ लावून आम्हाला मोजून दाखवलं. मग भ्रामरी, भुंग्यासारखा गुणगुणता आवाज. शेवटी शवासन, आणि त्यात झोप लागली तर आता कुणी ओरडत नाही.

ती मनगटावर बोट ठेवून बसली होती तेव्हा ताईंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी काही बोललो नाही. दिवाळीच्या बैठकीतला प्रश्न दोघींनाही आठवला होता.

पोरगी कोर्स पुरा करील का? अजून दीड वर्ष बाकी आहे, आत्ताच गुढी उभारायला नको. पण 'परत येते' हा शब्द तिच्या तोंडून गेला आहे, आणि कर्जाचे हप्ते ताई वेळेवर भरताहेत. योगानं तिचं काम हलकं झालेलं नाही. वॉर्डात माणसं कमीच आहेत, रात्रपाळी तशीच आहे. योग केला म्हणून त्याबद्दल बोलायचं थांबवू नये. उलट, अंगात थोडी ताकद आणि डोकं थोडं शांत असलं तर ते बोलणं नीट बोलता येतं, एवढं मला त्या पालकसभेनं शिकवलं.

तर मैत्रिणींनो, तीन गोष्टी सांगते आणि थांबते. एक, तुमच्या गावातली कुणी मुलगी नर्सिंगला, डॉक्टरकीला, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला असेल, तर सुटीत आल्यावर मार्क विचारायच्या आधी 'झोप होते का, जेवतेस का' हे विचारा. दोन, गावातल्या आशाताईंना आणि नर्सताईंना तुमच्या बैठकीत एकदा बोलवा, आणि तपासणीसाठी नको, त्यांचं ऐकायला बोलवा. तीन, वर सांगितलेलं साधं श्वासाचं आणि पाठीचं आपणही करू शकतो. फक्त कुणी गरोदर असेल, ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास असेल, पाठीचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. श्वास रोखून धरायच्या फंदात कुणी शिकवल्याशिवाय पडू नका. आणि चालू असलेली गोळी योगाच्या भरवशावर बंद करू नका.

शिकलेली नर्स गावाला हवी आहे, आणि ती धडधाकट राहिली तरच ती गावाला मिळणार आहे. भेटू पुढच्या बुधवारी, याच वेळेला. नमस्कार.